फायरप्लेससमोर वूड स्टोव्ह बसवायचाय, कोणी बसवलाय का?

नमस्कार मंडळी,
मार्चमध्ये आम्ही अमेरिकेत होल्डनला घर घेतलं. हॉलमध्ये विटांची मोठी फायरप्लेस आहे. एप्रिलच्या थंडीत दोनदा पेटवली, समोर बसलं की तोंड भाजतं, पाठ गारच, आणि मागच्या खोल्या तर उलट जास्त थंड पडल्या. इन्सर्टची (फायरप्लेसच्या आत बसवायच्या स्टोव्हची) उष्णता नीट खोलीत यायला बहुतेकदा पंखा लागतो आणि इथे लाइट जातात, म्हणून फायरप्लेसच्या पुढ्यात उभा वूड स्टोव्ह, म्हणजे लाकडाची बंद लोखंडी शेगडी, ठेवायचा विचार आहे. एकजण बघून गेला, म्हणाला पाइप डॅम्परमधून (फायरप्लेसच्या वरच्या धुराच्या झडपेतून) वर घालतो, अर्ध्या दिवसाचं काम, स्वस्तात होईल. चालेल का? डिसेंबरात पुण्याहून आई-बाबा येतायत आणि बाबांना दमा आहे, म्हणून काळजी वाटते.

---

नमस्कार,
कळकळीने सांगतो, त्याला हो म्हणू नका. आम्ही नेमकं हेच केलं होतं. डिसेंबर २००८ च्या आइस स्टॉर्ममध्ये आमच्याकडे आठ दिवस लाइट नव्हते, त्यानंतर घाईघाईत स्टोव्ह घेतला आणि पाइप नुसता वर खुपसून घेतला. धूर सहा इंची पाइपातून निघतो आणि एकदम त्या मोठ्या थंडगार धुराड्यात सुटतो, तिथे पसरतो, निवतो, वर चढायचा जोर संपतो आणि त्यातली वाफ न् डांबर विटांना चिकटतं. फेब्रुवारीत टॉर्च मारून पाहिलं तर आत काळा चकचकीत थर, काचेसारखा, ब्रशने निघेना. जूनच्या दमट हवेत हॉलभर डांबराचा वास. हाच क्रिओसोट पेटला की चिमनीत आग लागते.

गावाकडे ज्यांनी बंब पेटवलाय त्यांना हे सांगायला नको, मधली नळी गार असेपर्यंत धूर तोंडावर येतो, तापली की बंब आपणहून ओढायला लागतो. धुराडं गरम राहिलं पाहिजे, सगळं त्यावर आहे.

म्हणून स्टोव्हपासून थेट चिमनीच्या टोकापर्यंत सहा इंची स्टेनलेसचा लायनर (धुराड्याच्या आतून जाणारी नळी) घाला, इन्सुलेशन गुंडाळलेला. चिमनी बाहेरच्या भिंतीवर असेल तर एनएफपीए २११ प्रमाणे (हे अमेरिकेतलं चिमन्यांच्या आगसुरक्षेचं मानक) फ्लूचं, म्हणजे धूर जायच्या आतल्या वाटेचं, क्षेत्रफळ स्टोव्हच्या धुराच्या तोंडाच्या दुपटीपेक्षा जास्त नको, आणि तुमचा फ्लू १३ बाय १३ इंची असेल तर तो सहा इंची तोंडाच्या चारपटीहून मोठा भरतो. डॅम्परच्या जागी पत्रा बसवून वरून मिनरल वूल (न जळणारी खनिज लोकर) भरा, नाहीतर निम्मी ऊब चिमनीच खाईल. स्टोव्ह घ्यायच्या आधी फायरप्लेसच्या तोंडाची उंची मोजा, धुराचं तोंड मागे असलेलं मॉडेल त्याखालून जायला हवं. आणि सकाळी फायरप्लेसच्या तोंडाशी उदबत्ती धरून बघा, धूर कुठे जातो ते, खोलीत आला तर गार धुराड्यातून हवा खाली उतरतेय.

---

काका, खूप आभार. त्या माणसाला "नको" म्हणून कळवलं. उंची २८ इंच आहे, चिमनी बाहेरच्या भिंतीवरच आहे. आणि उदबत्तीचा धूर चक्क खोलीत आला! आता लाकडांचं विचारते, शेजाऱ्यांनी गेल्या ऑक्टोबरात ओक पाडलाय, हवा तेवढा न्या म्हणतायत. या हिवाळ्याला होईल ना?

---

नमस्कार, मी न्यू हॅम्पशायरहून लिहितेय, आमच्याकडे बारा वर्षं स्टोव्ह आहे.
ओक या वर्षी नाही गं. फोडून रचल्यावर त्याला दोन उन्हाळे तरी लागतात. घेऊन ठेव, पण पुढच्या-पुढच्या वर्षासाठी. यंदासाठी ॲश किंवा मेपल बघ आणि आत्ता मे महिन्यातच घे, ऑक्टोबरात "सुकलेली" म्हणून जी लाकडं विकतात त्यात पुष्कळदा पाणी असतं. ओलावा मोजायचं मीटर स्वस्त मिळतं, पण बाहेरून टोचू नकोस, ओंडका फोड आणि ताज्या फोडलेल्या बाजूवर टोच, २० टक्क्यांच्या आत पाहिजे. लाकडं कॉर्डच्या मापाने विकतात, कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट, ४ बाय ४ बाय ८ फूट रचलेली, ट्रकमधल्या ढिगावर विश्वास ठेवू नकोस.

टाउन हॉलमधून परमिट काढ, इन्स्पेक्टरला दाखव, इन्शुरन्सवाल्यांना कळव. स्टोव्हच्या दारासमोर न जळणारी फरशी साधारण १६ इंच लागते, मँटल (फायरप्लेसवरची फळी) लाकडी असेल तर किती अंतर हवं ते मॅन्युअलमध्ये असतं आणि तेच धरायचं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आई-बाबांच्या खोलीबाहेर लाव.

बाबांच्या दम्यासाठी एक सवय लावून घे. लाकूड टाकायला दार कधी एकदम उघडायचं नाही. आधी हवेची कळ पूर्ण उघडायची, मिनिटभर थांबायचं, मग दार इंचभर किलकिलं करून पुन्हा थांबायचं, ज्वाळा मागे वळताना दिसल्या की मग सावकाश उघडायचं. निखारे असतानाच टाक, लाकूड धगधगत असताना नको. आमच्या सासूबाई तीन हिवाळे त्याच खोलीत झोपल्या, त्यांना कधी धुराने ठसका लागला नाही.