वंचित ‘राहिले’ की वंचित ‘ठेवले’?

एका अहवालाचं मराठी भाषांतर तपासतेय. त्यात ‘गरीब’, ‘दरिद्री’ आणि ‘वंचित’ हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत टाकलेत. फरक मानायचा का?

— मानायलाच हवा. ‘गरीब’ अरबीतला, मूळ अर्थ परका, परमुलखातला. ‘दरिद्र’च्या मुळाशी संस्कृत ‘द्रा’, म्हणजे धावणे, वणवण करणारा. (दोन्ही भाषांना आधी भटकणंच दिसलं, गंमत आहे.) हे दोन्ही शब्द अवस्था सांगतात, ती कुणामुळे आली ते नाही. ‘वंचित’ मात्र ‘वञ्च्’वरून, म्हणजे फसवला गेलेला. फसवणारा असल्याशिवाय हा शब्द बनतच नाही.

— वापरात तो कर्ता केव्हाच गळालाय. ‘अनेक कुटुंबे अनुदानापासून वंचित राहिली.’ जणू गाडी चुकली! उत्पन्नाची मर्यादा कुणीतरी ठरवलेली असते. मजुरी जराशी वाढली की घर मर्यादेबाहेर जातं आणि वाढीपेक्षा मोठी मदत बंद होते. पुढच्या खेपेला तो माणूस जादा काम नाकारतो, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे. इथे ‘ठेवली’च हवं.

— सरसकट ‘ठेवली’ नको हं, त्यात हेतू येतो. साबणावरचा कर सगळ्यांना सारखाच, पण कमाईच्या मानाने गरिबाला जास्त बसतो. त्याला लुटायचं म्हणून कुणी तो लावलेला नसतो.

— हेतू नसेल, निर्णय असतोच. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये दारिद्र्यरेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. किमती ज्या वर्षाच्या धरतात ते आधारवर्षही बदललं, पण कुणाच्या खिशातला पैसा न हलता रेषेखालची माणसं वाढली.

— मग ‘ठेवली’चा कर्ता कोण लिहू? ‘सरकारने’?

— आपण ‘रयत’ असतो तर तेवढ्यावर भागलं असतं. अरबीत रयत म्हणजे राखलेला कळप. पण आपण नागरिक. नागरिक मत देतो, करसवलत मिळाली की खूशही होतो, म्हणजे निर्णयात तोही आला. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळतं, ‘आपण’ त्यालाही धरतं. ‘आपण त्यांना वंचित ठेवलं’ असं लिहा.

— ‘आपण त्यांना’? म्हणजे ते पुन्हा ‘आपण’च्या बाहेरच. मूळ अरबी अर्थाने गरीब!

— संपादक ‘आपण’ खोडणार, हे नक्की. तूर्त ‘या नियमामुळे वंचित झाली’ केलंय, आणि कंसात नियमाचा क्रमांक.