जुना ८ मिमीचा प्रोजेक्टर घ्यायचाय, सुचवा

फिरकी_१२
माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांनी चित्रित केलेली बारा रिळं सापडली. तळहाताएवढी, पत्र्याच्या डब्यांत. घरीच भिंतीवर बघायची आहेत. जुना प्रोजेक्टर घेईन म्हणतो. बजेट एका बऱ्या मिक्सरएवढं, त्याच्या वर एक पैसा नाही. आवाज नको. काय बघून घ्यावं? दुरुस्तीचा अनुभव: सायकलची उतरलेली चेन चढवता येते.

दिवाणखाना टॉकीज
मिक्सरच्या पैशात मिक्सरच येतो. जरा हात सैल सोडा आणि आवाजाचा सुपर ८ घ्या. माझा सेकंदाला १८ आणि २४ चौकटी, दोन्ही गतींना चालतो, चुंबकीय पट्टीवर आवाज भरतो. शेजारीपाजारी अजून विचारतात, पुढचा खेळ कधी?

करकोचा
वर 'आवाज नको' लिहिलंय हो.
फिरकी, आधी रिळं ओळखा. मधल्या भोकात पेन्सिल जेमतेम शिरत असेल तर बहुतेक रेग्युलर ८, म्हणजे १९३२ साली आलेला प्रकार. करंगळी जात असेल तर सुपर ८, तो १९६५ चा. पण लोक फिल्म दुसऱ्या रिळावरही गुंडाळत, म्हणून फिल्म उजेडात धरून बघाच. रेग्युलरची भोकं मोठी आणि दोन चौकटींच्या सांध्यापाशी असतात, सुपरची बारीक आणि चौकटीच्या मध्यासमोर. एकाची फिल्म दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही. ड्युअल ८ असेल तर दोन्ही चालतात.

सावधान_इंडिया_नव्हे
जुनी फिल्म स्फोटक असते!! घरात लावू नका. चित्रपटगृहं जळून खाक झालीत.

करकोचा
ती ३५ मिमीची नायट्रेट फिल्म. घरगुती ८ मिमी पहिल्यापासून सेफ्टी फिल्मवरच आली, म्हणजे सहज न भडकणाऱ्या अॅसिटेटच्या पट्टीवर. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर मात्र अॅसिटेट सडतंय. ती फिल्म आकसते, भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि टराटरा फाटतात. असली रिळं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, प्रोजेक्टरला लावू नका.

तेलकट बोट
माझी कथा ऐका. विकणारा म्हणाला, 'मोटर चालू आहे.' चालू होतीच, पण रीळ ढिम्म हलेना. झाकण काढलं तर आत पट्टाच नाही, पुलीच्या खाचेत काळं डांबर! रबर वितळून बसलेलं. स्पिरिट, कापूस, दातकोरणी, तीन संध्याकाळी गेल्या आणि नखं आठवडाभर काळी. तेव्हा विकणाऱ्याला एकच सांगा: फिल्म लावून चालवून दाखव. नुसत्या मोटरच्या घरघरीवर भुलू नका.

अंधारकोठडी
+१. पट्टा बघाच. आणि हॅलोजन दिव्याचाच घ्या, १२ व्होल्ट १०० वॅटचा मिळतो अजून. जुन्यांतले ५०० वॅटचे दिवे शोधताना दमछाक होते, शिवाय तासांच्या हिशेबात जगतात. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावू नका. मी लावलं, नवाकोरा दिवा दुसऱ्याच दिवशी फुगून गेला. रुमालाने धरा.

दिवाणखाना टॉकीज
माझा दिवा अजून मूळचाच आहे. वापरणाऱ्याचा हात लागतो.

अंधारकोठडी
वर्षातून दोनदा लावल्यावर दिवा टिकणारच, महाराज.

शिवणयंत्र
तेलाचं कुणी बोललं नाही. शिलाई मशीनचं तेल, ठिकाणाला एक थेंब. पट्ट्यावर, फिल्मच्या वाटेवर सांडू नका. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते आधी पुसून काढा.

तेलकट बोट
एका थेंबाने काय होतंय, मी सढळ घालतो.

शिवणयंत्र
म्हणूनच तुमचं नाव तेलकट बोट.

करकोचा
भांडणं नंतर. सगळ्यात महत्त्वाची जागा गेट, म्हणजे भिंगामागची फिल्म सरकायची फट. फिल्म तिथून घासत जाते आणि तिचा थर दगडासारखा साचतो. लाकडी काडी आणि स्पिरिटचा बोळा वापरा, सुरी-स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. गेटवर एक चरा पडला की पुढच्या प्रत्येक रिळावर उभी रेघ. आजोबांच्या फिल्मआधी टाकाऊ फिल्म चालवून बघा. आणि वर्षानुवर्षं बंद पडलेलं मशीन थेट प्लगला लावू नका. मागचा व्होल्टेजचा खटका आधी तपासा, जमल्यास सिरीज बल्ब, म्हणजे मशीनच्या वायरीत मधे एक साधा बल्ब जोडून सुरू करा. आतला जुना कपॅसिटर धूर सोडतो, मी पडदे धुतलेत.

घाईगडबड
एवढा उपद्व्याप कशाला? स्कॅन करून पेनड्राइव्हवर घ्या.

फिरकी_१२
सगळ्यांचे आभार. पेन्सिल जेमतेम गेली, म्हणजे रेग्युलर ८. वास फक्त एका डब्याला आला, तो वेगळा ठेवलाय.
आता शिव्या द्या. ड्युअल नाही, हॅलोजन नाही, ५०० वॅटचा जुना लोखंडी मुका प्रोजेक्टर घेतला. विकणाऱ्याने फिल्म लावून दाखवली, एक जादा दिवा दिला आणि भाव मिक्सरच्या आत बसला. उचलताना कमरेत चमक भरली, ती वेगळी. गेटमधून तपकिरी पापुद्रा निघाला, नखाएवढा. काल पहिलं रीळ लावलं. चार मिनिटं आजोबा कुठेच नाहीत. सगळं रीळ त्यांच्या नव्या स्कूटरचं आहे, चारी बाजूंनी. आजी एकदाच दिसते, स्कूटर पुसताना.

अंधारकोठडी
सांगून ऐकलं नाहीत. तो जादा दिवा जपा.

घाईगडबड
रिळं रेग्युलर ८ की सुपर ८, ते आधी बघितलंत का?