मदत हवी आहे: ५५ इंची साधा टीव्ही २९ हजाराला घ्यावा का?

हॉलमध्ये सोफा ते भिंत साधारण ८ फूट. दुकानात ५५ इंची ४के बघितला, ६० हर्ट्झ, २ जीबी रॅम, २० वॅटचे स्पीकर, किंमत २९ हजार. खोक्यावर एचडीआर (उजळ-गडद भाग जास्त ठळक दाखवणारं चित्र) लिहिलंय पण ब्राइटनेस किती निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) ते कुठेच नाही, सेल्समनलाही माहीत नाही (तो एक्स्टेंडेड वॉरंटीच गळ्यात मारत होता). पेनड्राइव्हवर मॅचची क्लिप नेऊन लावली, समोरून झकास पण बाजूला सरकलं की हिरवळ फिकट पडते. बजेट ३२ हजारांच्या वर नाही, गेमिंग शून्य, बघणार डीटीएच आणि यूट्यूब, दुपारी खिडकीतून भरपूर ऊन येतं. ॲप्स अडकली तर स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला जोडून ॲप्स चालवायचं छोटं यंत्र) लावेन. तर असा पॅनल दिवसा उजेडात नीट दिसतो का, की याच पैशात ४३ इंची चांगला घेऊ?