‘क्रोत्काया’मधल्या सावकाराचा पश्चात्ताप खरा मानायचा का?

बालाघाट (अंबाजोगाई)
रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीची ‘क्रोत्काया’ ही १८७६ची छोटी कादंबरी आमच्या वाचन गटात घेतली आणि सरळ दोन तट पडले. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक्केचाळीस वर्षांचा, वस्तू गहाण ठेवून पैसे देणारा माणूस सोळाव्या वर्षात असलेल्या अनाथ मुलीशी लग्न करतो. ती हसत-बोलत घरात येते. हा मात्र ठरवून अबोला धरतो, तिनं आपल्याला मान द्यावा म्हणून. शेवटी ती येशूच्या आईची, मेरीची तसबीर छातीशी धरून खिडकीतून उडी घेते. तिचं प्रेत टेबलावर ठेवलेलं आहे, हा खोलीत येरझाऱ्या घालत सगळं आठवतोय. एवढीच कथा.

गटातल्या बऱ्याच जणांना त्याचा कळवळा आला. मला नाही आला. तो पश्चात्ताप करतोय असं मला वाटतच नाही, तो स्वतःचं वकीलपत्र घेऊन बोलतोय. दर दोन पानांनी त्याची पलटणीतली बेअब्रू निघते, द्वंद्व टाळल्याबद्दल लोकांनी भेकड ठरवलं ते निघतं. सोळा वर्षांच्या पोरीनं ते कुठवर भरून द्यायचं?

मांजराकाठ (लातूर)
ताई, साफ असहमत. त्याच्याविरुद्धचा सगळा पुरावा आपल्याला दिला कुणी? त्यानंच. तिथं ना पोलीस, ना न्यायाधीश. लेखकानं प्रस्तावनेतच सांगितलंय की हा माणूस आधी स्वतःला सोडवायला बघतो, उलटसुलट बोलतो आणि बोलता बोलता सत्यापाशी येतो. सुरुवातीचा खोटेपणा धरून शेवटचं रडणं खोटं ठरवणं बरोबर नाही. आणि ती रात्र विसरू नका. तो झोपलाय असं समजून तिनं त्याच्या कानशिलाला पिस्तूल लावलं होतं. त्यानं डोळे उघडले, पाहिलं, परत मिटून घेतले. भेकड माणसाला हे जमत नसतं.

गोदातीर (नांदेड)
दादा, त्या रात्रीनंतर सकाळी तो काय करतो ते पण सांगा की. लोखंडी पलंग आणि आडोशाला पडदा विकत आणतो! तिला वेगळं झोपवायला. एक शब्द बोलत नाही. पोरगी त्याच रात्री तापानं फणफणते, सहा आठवडे अंथरुणाला खिळते. हा डॉक्टर आणतो, पैसा सोडतो, सगळं करतो, फक्त बोलत नाही.

मागणीचा प्रसंग बघा. एका बाजूला दोन बायका मातीत घातलेला पन्नाशीचा दुकानदार, दुसऱ्या बाजूला हा. ती फाटकापाशी इतका वेळ विचार करते की ह्यालाच राग येतो. आपल्याकडं धारूर-वडवणीला ऊसतोडीची उचल घेण्याआधी पोरी उजवून टाकतात, तिथंही पोरीला विचारलं तर ती अशीच खाली बघून उभी राहते. लोक म्हणतात, ‘पोरगी हो म्हणली.’

मांजराकाठ
मुद्दा मान्य, पण १८७६च्या पीटर्सबर्गला आपला २००६चा बालविवाह कायदा लावून कसं चालेल?

गोदातीर
कायदा मी काढलाच नाही. ती घाबरलेली होती एवढंच म्हणायलेय.

दुधना (परभणी)
मला वेगळंच खटकलं. लग्नाआधी ती तसबीर गहाण टाकायला येते. कशाला? तर नोकरी पाहिजे म्हणून पेपरात जाहिरात द्यायला. हा म्हणतो, दहा रूबल घे. ती म्हणते, पाचच द्या, मी नक्की सोडवून नेणार. जेवढं फेडता येईल तेवढंच घेणारी मुलगी. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे बरोबर कळेल. पोत गहाण टाकताना बाई रक्कम वाढवून मागत नसते, सुटली पाहिजे म्हणून. आणि ती कॅप्टनची विधवा! नवऱ्याची आठवण असलेलं लॉकेट ठेवून तीस रूबल नेते, पाच दिवसांनी आठ रूबलचीही किंमत नसलेली बांगडी घेऊन बदलून मागायला येते. हा नाही म्हणतो, ही त्याच्यामागं बदलून देते. घरातलं पहिलं मोठं भांडण त्यावरून. मला तर अख्खी कादंबरी तिथंच दिसते. तिला वस्तूमागचा माणूस दिसायचा, त्याला वहीतली रक्कम.

जाता जाता, तसबीर धरून उडी घेतलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या मुलीची खरी बातमी त्याच वर्षी आली होती. दोस्तोयेव्हस्कीनं तिच्यावर आधी टिपण लिहिलं आणि मग ही कथा.

बालाघाट
दुधना, लॉकेटचं अगदी बरोबर. आता मांजराकाठ दादांना एक विचारते. वसंतात ती काम करता करता गुणगुणते, हा समोर असताना. ह्याला धक्का बसतो, की ही मला विसरूनच गेली! मग एकदम पायांवर लोळण, पायांचे मुके, फ्रान्समधल्या बुलोनला समुद्रावर नेतो म्हणून आणाभाका. ती म्हणते, मला वाटलं होतं तुम्ही मला अशीच राहू द्याल. तिनं कसंबसं जमवून घेतलेलं एकटेपणही त्यानं हिसकावलं. याला प्रेम म्हणायचं?

मांजराकाठ
म्हणायचंच. उशिरा आलेलं, आंधळं, पण प्रेमच. पासपोर्टच्या कामाला तो खरोखर बाहेर पडला होता. परत आला तेव्हा पाचच मिनिटं उशीर झाला होता. त्या पाच मिनिटांवर तो कसा तडफडतो ते परत वाचा, मग बोलू.

बालाघाट
वाचलं, दादा. तिथंच तर चीड येते. अख्खा हिवाळा तिच्याशी बोलला नाही, आणि दोष देतो पाच मिनिटांना.