मदत हवी आहे: सेमीच्या वर्गावर विज्ञान शिकवतेय, पोरं तोंडच उघडत नाहीत

काळीमाती: नमस्कार मंडळी. थेट विचारते. यंदा सेमीचा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून असलेला, वर्ग माझ्या गळ्यात पडलाय. मी शिकवते, मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात, वह्या एकदम टापटीप. काही विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. पहिल्या घटक चाचणीत अर्ध्या पोरांनी उत्तराच्या जागी प्रश्नच पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलाय. मुख्याध्यापक म्हणतात, वर्गात इंग्रजीच बोला, सवय होईल. पालकांना सेमी हवंच आहे. काय करू? लवकर सांगा, दुसरी चाचणी डोक्यावर आहे. आणि 'यूट्यूब दाखवा' म्हणू नका, शाळेत रेंज नाही.

यावलकर: कितवीचा वर्ग? आधी कुठल्या माध्यमात होती मुलं? गाव कुठलं? यातलं काहीच न सांगता काय करू म्हणताय.

दगडीपूल: आम्ही दहावीपर्यंत मराठीतून शिकलो. अकरावी सायन्सला धाडकन सगळं इंग्रजी. डिक्शनरी उशाशी घेऊन झोपायचो. कोणी विचारलं नाही समजतंय का म्हणून. झालोच की इंजिनिअर. पोरांना जरा झळ लागू द्या, ताई.

यावलकर: दगडीपूल, तुमच्यासोबत अकरावीला बसलेल्यांपैकी किती जण बारावीपर्यंत टिकले, तेही सांगा.

दगडीपूल: बरेच. काही कॉमर्सला गेले, त्यात काय वाईट?

काळीमाती: आठवी. मला वाटलं सेमी म्हटल्यावर कळेल. आमच्याकडे आठवीपासूनच सुरू होतं. सातवीपर्यंत सगळी आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांत, मराठीतून. शिरपूर तालुका, सातपुड्याच्या पायथ्याला. घरी अहिराणी, काहींच्या घरी पावरी. म्हणजे मराठी हीच त्यांची शाळेतली भाषा. सध्या बल आणि दाब हा धडा चालू आहे.

भरीतपुरी: ताई, पोरेसले अहिराणीमा सांगा, बठ्ठं समजी जाई. 😀

मायबोलीच: यावर उपाय एकच, सेमी बंद करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट लिहिलंय, किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण. मलेशियाने २००३ मध्ये गणित-विज्ञान इंग्रजीत नेलं. खेड्यातली मुलं मागे पडायला लागली आणि २००९ मध्ये सरकारला निर्णय फिरवावा लागला. आपण कधी शिकणार?

नोकरदारबाप: त्याच मलेशियाने २०१६ मध्ये हव्या त्या शाळांना इंग्रजीचा पर्याय परत दिला, तेवढं मात्र गाळलंत. आणि धोरणात 'जिथे शक्य असेल तिथे' असंही आहे. मराठी मराठी करणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत जातात हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या गल्लीतल्या शेतमजुराच्या पोरीने तेवढी वाट का बंद करून घ्यावी?

मायबोलीच: माझी दोन्ही मुलं मराठी माध्यमात आहेत. आणि वाट बंद कशी? जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते, नीटसुद्धा मराठीत आहे.

नोकरदारबाप: प्रवेश परीक्षा मराठीत, पुढची साडेचार वर्षं एमबीबीएसची पुस्तकं कुठल्या भाषेत? चालू द्या.

शहादाकर: अहो, पहिलीलाच आरटीईतून (शिक्षणहक्क कायद्यातून) इंग्रजी शाळेत टाकायचं. खाजगी शाळांत २५ टक्के जागा असतात, सोडत ऑनलाइन निघते. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी पुरावा आधीच काढून ठेवा, तहसीलला ऐन वेळी रांग असते.

काळीमाती: शहादाकर भाऊ, मुलं आठवीत आहेत. आणि माझी नाहीत, मी शिक्षिका आहे. 🙏

निवृत्त_बीएड: मॅडम, मी भावी शिक्षकांना शिकवण्यात उभी नोकरी घालवली, म्हणून थोडं लांबण लावतो.

मुख्याध्यापकांचं 'सवय होईल' अर्धंच खरं आहे. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला. गप्पांपुरती परकी भाषा मुलं दोनेक वर्षांत उचलतात, पण धडा समजून घेऊन उत्तर लिहिण्याची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. तीही चहूकडे इंग्रजी असलेल्या मुलखात आलेल्या मुलांना. तुमच्या पोरांच्या कानावर इंग्रजी पडतं ते तुमच्या तासाला, नाहीतर मोबाइलच्या जाहिरातीत.

पण सगळे शिक्षक एक चूक करतात, पारिभाषिक शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात. प्रेशर, फोर्स, डेन्सिटी हे शब्द पोरांना सोपे जातात, ते ठळक छापलेले असतात. मुलं अडतात मधल्या बारीक शब्दांवर: व्हेअरॲज, देअरफोर, पर युनिट एरिया, इन्व्हर्सली. आणि प्रश्नातल्या क्रियापदांवर: जस्टिफाय, डिस्टिंग्विश, गिव्ह सायंटिफिक रीझन्स. प्रश्न उतरवून ठेवलाय म्हणजे विज्ञान येत नाही असं नाही. आपल्याला काय करायला सांगितलंय, तेच कळलेलं नाही. आधी एक पडताळणी करा. तोच प्रश्न तोंडी विचारा, ते बोलतात त्या भाषेत. उत्तर आलं तर घोडं इंग्रजीपाशी अडलंय, नाही आलं तर दाबापाशी. दोन्हींचे उपाय वेगळे.

इंग्रजीपाशी अडलं असेल, तर ई-बालभारतीवरून मराठी माध्यमाचं आठवीचं विज्ञान फुकट उतरवून घ्या. धडे तेच, आकृत्या त्याच. आधी मराठीतून प्रयोग आणि चर्चा, मग इंग्रजी परिच्छेद, शेवटी गाळलेल्या जागांची वाक्यं फळ्यावर. पूर्ण वाक्य लगेच मागू नका.

यावलकर: प्रयोगाला साहित्य हवं कशाला? ओल्या रेतीवर वीट एकदा आडवी ठेवा, एकदा उभी. खड्डा किती खोल पडतो, पोरांनाच मोजू द्या. डोक्यावर हंडा घेताना आई चुंबळ का ठेवते, तेही विचारा.

दगडीपूल: चुंबळ आताच्या पोरांनी पाहिलीय का?

यावलकर: शिरपूर तालुका म्हणाल्या त्या. पाहिली असेल.

केळीवाला_रावेर: विषय निघालाच आहे तर, ते 'वीस एक, वीस दोन' चालू आहे का अजून? २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आलं होतं. माझा नातू एकवीस म्हणतो, त्याच्या बाई दुसरंच म्हणतात.

मायबोलीच: तो स्वतंत्र धागा होईल, आबा. तेव्हा विधानसभेत गाजलं होतं ते. दोन्ही पद्धती शिकवायच्या असं ठरलं होतं.

नोकरदारबाप: इंग्रजीत ट्वेंटी वन सरळ आहे, म्हणून मी म्हणतो...

मायबोलीच: नका म्हणू.

काळीमाती: निवृत्त_बीएड सर, पडताळणी करून आले. 'ट्रॅक्टरची मागची चाकं रुंद का असतात?' चाचणीत हाच प्रश्न इंग्रजीत होता आणि बहुतेकांनी कोरा सोडला होता. आज तोंडी विचारला. आधी शांतता. मग म्हटलं, अहिराणीत सांगितलं तरी चालेल. शेवटच्या बाकावरचा एक जण, जो एरवी हजेरीलाही पुटपुटतो, उभा राहून म्हणाला, "मॅडम, बारीक चाक गारामा घुसी जास. रुंद चाकवर वजन वाटाई जास." म्हणजे बारीक चाक चिखलात रुततं, रुंद चाकावर वजन वाटलं जातं. मग कापसाच्या वावरात त्यांचं ट्रॅक्टर कसं रुतलं होतं, ते सांगायला तिघं उठले. पावरी बोलणारी मुलं मात्र गप्पच होती, ती मराठीतच हळूहळू बोलली.

मग फळ्यावर 'बिकॉज द एरिया इज ___, द प्रेशर इज ___' लिहिलं. त्याने मोअर आणि लेस बरोबर भरलं. बऱ्याच जणांनी दोन्हीकडे मोअर लिहिलं, म्हणजे तिथे विज्ञानही कच्चं आहे. एका तासात एवढंच झालं. पण अभ्यासक्रम असा रांगत गेला तर दिवाळीपर्यंत चार धडेही होणार नाहीत, त्याचं काय? आणि वर्गात अहिराणी चाललेली मुख्याध्यापकांनी ऐकली तर?

निवृत्त_बीएड: पहिले धडे रखडतील, ते धरूनच चाला. 'बिकॉज'चं वाक्य एकदा बसलं की प्रत्येक धड्याच्या कारणे-द्या प्रश्नाला तेच चालतं. मुख्याध्यापकांना धोरणच दाखवा, गणित-विज्ञानासाठी द्विभाषिक पुस्तकं आणि साहित्य त्यातच सुचवलंय. आणि आठवीला आकारिकचे, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामाचे, ४० गुण आहेत ना? तोंडीकाम आणि प्रयोग त्यातच येतात. तिथे मुलाला सुचेल त्या भाषेत उत्तर घ्या. इंग्रजीचा आग्रह संकलितच्या, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेच्या, ६० पुरता ठेवा.

यावलकर: पावरीवाल्यांना एका बाकावर बसवू नका, पण गटकामात दोघं-दोघं एकत्र ठेवा. आपसात बोलतील तरी.

काळीमाती: हे करते. आकारिकचं डोक्यातच आलं नव्हतं कोणाच्या, सहकाऱ्यांच्याही. सोमवारी घनता सुरू करतेय, मिठाच्या पाण्यात अंडं. अंडी कोण आणणार यावर वर्गात भांडण झालंय, म्हणजे बोलायला तरी लागली.

शहादाकर: मॅडम, तुमची शाळा कुठली? साडूच्या मुलाला आठवीला सेमीलाच टाकायचंय.