तीन शेजारी धर्मग्राम, तीनऐवजी दोन फादर: मिस्सांच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळा कशा बसवायच्या?

मिडवेस्टची_वसईकर

नमस्कार मंडळी. १ जुलैपासून इथले, अमेरिकेतले, आमचे तीन शेजारी धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एकेका चर्चचा समाज आणि त्याची हद्द) एकाच प्रमुख धर्मगुरूंकडे जाणार आहेत. आज तिन्हीकडे एकेक फादर आहेत. पुढे प्रमुख धर्मगुरू आणि एक सहायक, एवढेच. बिशपांच्या पत्रात 'सहकार्य' असा शब्द आहे, विलीनीकरणाचा उल्लेख नाही. संयुक्त समितीत प्रत्येक धर्मग्रामाचे चार जण आहेत आणि आराखडा द्यायला चार महिने आहेत.

'अ' चर्च: ६०० जागा. शनिवार संध्याकाळी ५ (उपस्थिती १८०), रविवार ९ (३१०), ११ (१५०).
'ब' चर्च: ३५० जागा. शनिवार ४:३० (११०), रविवार ९ (१६०), ११ (९०).
'क' चर्च: २८० जागा. रविवार ८:३० (९५), १०:३० (१३०).

अ ते ब ६ मैल, ब ते क ९, अ ते क १२. आठवड्यातल्या इतर दिवसांच्या मिस्सा तिन्हीकडे मिळून १२. एक डीकन (दीक्षा घेतलेले सेवक, पण मिस्सा करू शकत नाहीत) आहेत, ते 'ब'चे.

समितीत बहुतेकांचं म्हणणं असं की प्रत्येकाने एकेक मिस्सा सोडावी, म्हणजे कुणावर अन्याय नको. हे चालेल का? आणि पैसे, नोंदवह्या, ऑफिस यांचं काय करायचं?

कलम_५२६

ताई, आधी 'सहकार्य' या शब्दाचा अर्थ समितीतल्या बाराही जणांना एकसारखा कळू द्या. फादर कमी पडले तर शेजारचे अनेक धर्मग्राम एकाच प्रमुख धर्मगुरूकडे सोपवता येतात, ही कॅनन कायद्याच्या (कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेच्या) ५२६व्या कलमातली सोय आहे. तिन्ही धर्मग्राम वेगळेच राहतात. पैसा वेगळा, नोंदवह्या वेगळ्या, अर्थसमिती प्रत्येकाची वेगळी, आणि ती ५३७व्या कलमानुसार सक्तीची. पाळकीय समिती (धर्मग्रामाच्या धार्मिक कामाबद्दल सल्ला देणारी) मात्र तिघांची मिळून एक चालते. धर्मग्राम विलीन करणं किंवा बंद करणं हे फक्त बिशपांच्या हातात असतं, आणि त्यांनाही त्याआधी धर्मगुरूंच्या मंडळाचं म्हणणं ऐकावं लागतं (कलम ५१५). सिनसिनाटी महाधर्मप्रांताने जुलै २०२२पासून २०८ धर्मग्रामांची ५७ 'कुटुंबं' केली, ती अशीच आधी एका धर्मगुरूखाली आणली.

एकेक मिस्सा सोडायचं म्हणाल, तर आकडा जमतो पण घड्याळ जमत नाही. तिघांनी आपापली सगळ्यांत कमी गर्दीची मिस्सा सोडली, तर उरतं काय ते बघा: शनिवारी अ ५, ब ४:३०. रविवारी अ ९, ब ९, क १०:३०. दोन फादर असताना ठीक. पण प्रमुख धर्मगुरू आणि सहायक दोघांनाही वर्षाला एक महिना सुट्टीचा हक्क आहे, म्हणजे वर्षातले आठ-दहा रविवार तुमच्याकडे एकच फादर असणार. आजारपण वेगळंच. त्या आठवड्यात शनिवारच्या दोन्ही मिस्सा एकमेकींवर आदळतात, रविवारी ९च्या दोन्हीही आदळतात. पाचातल्या तीनच होतात, आणि अ किंवा ब यांपैकी एका चर्चमध्ये रविवारी मिस्साच नाही.

म्हणून वेळापत्रक एका फादरसाठी बांधा, मग दुसऱ्याची भर घाला. मिस्सा एक तास, नंतर दारात लोकांशी बोलायला १५ मिनिटं, मग प्रवास, आणि पुढच्या ठिकाणी निदान १५ मिनिटं आधी पोचणं. असं मांडलं की तुमच्या अंतरांना हे बसतं:

शनिवार ५ अ. रविवार ८ क, १० ब, ११:४५ अ. हा एका फादरचा कणा. दुसरे फादर असतील तेव्हा त्यात रविवार ९:३० अ जोडा.

दोघे असताना एकाने क आणि ब करायचं, दुसऱ्याने अ च्या दोन्ही, आणि दर आठवड्याला अदलाबदल. कुणालाही रविवारी दोनच्या वर नाहीत. एकटे असतील तर रविवारी तीन होतात. कलम ९०५नुसार रविवारी तीनपर्यंत परवानगी मिळू शकते, पण ती बिशपांकडून घ्यावी लागते. लेखी घेऊन ठेवा.

आता गर्दी. बाक ८० टक्के भरले की लोकांना चर्च भरलेलं वाटतं आणि उशिरा येणारे मागे उभे राहतात, म्हणून हिशेब अ ४८०, ब २८०, क २२४ असा धरा. शनिवारचे सगळे अ मध्ये आले तर २९०. ब मध्ये रविवारचे २५०. क मध्ये २२५, म्हणजे काठोकाठ. अ च्या दोन मिस्सांना मिळून ४६०, तिथे जागाच जागा. क च्या १०:३०वाल्यांना सकाळी ८ जड जाणार, त्यातले काही ब किंवा अ कडे वळतील. त्यामुळे क मध्ये प्रत्यक्षात दाटी होणार नाही, पण नाराजी होईल. ती आधीच ओळखून क च्या लोकांशी समोरासमोर बोला. बुलेटिनमधून कळवणं पुरेसं नाही.

अ च्या तिन्ही राहिल्या आणि ब च्या दोन गेल्या, असं म्हणणारे भेटतील. त्यांना एवढंच दाखवा की या मांडणीत फादर एकटे असतानाही तिन्ही चर्चमध्ये रविवारी मिस्सा होते. समान वाटणीत ती होत नाही.

नंदाखाल_ते_न्यूजर्सी

वरच्या मांडणीला पूर्ण पाठिंबा, दोन सापळे मात्र सांगतो.

पहिला शनिवारचा. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारी मिस्साला जाण्याचं लोकांचं कर्तव्य पुरं करते, पण फादरच्या मोजणीत ती शनिवारचीच. साध्या दिवशी एका फादरला योग्य कारण असेल तर दोन मिस्सा, त्याही परवानगीने. सकाळी अंत्यविधीची, दुपारी लग्नाची आणि ५ची धरली की तीन झाल्या. तीन धर्मग्राम मिळून असा शनिवार उन्हाळ्यात हमखास येतो. उपाय डीकन. लग्न लावणं, अंत्यविधीची प्रार्थना आणि स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) डीकन करू शकतात, फक्त त्यात मिस्सा नसते. लग्न ठरवायला जोडपं येतं त्याच दिवशी हे त्यांना सांगा, पत्रिका छापून झाल्यावर नको.

दुसरा सापळा ९:३०चा. फादर सुट्टीवर असताना कुणीतरी सुचवणारच की डीकनने वचनविधी (बायबलवाचन आणि प्रार्थना) घेऊन कम्युनियन (आधीच्या मिस्सात पवित्र केलेली भाकर) द्यावं. धर्मगुरूविना रविवारच्या विधीबद्दल रोमची १९८८ची मार्गदर्शिका आहे. त्याच ठिकाणी त्या रविवारी किंवा आदल्या संध्याकाळी मिस्सा होत असेल तर असा विधी घेता येत नाही. अ मध्ये शनिवारी ५ आहे आणि रविवारी ११:४५ आहे, म्हणजे प्रश्नच मिटला. वेळापत्रकात ९:३०पुढे खूण करून 'दुसरे धर्मगुरू असतील तेव्हाच' असं वर्षभर छापा.

आणि नवे सहायक भारतातून येणार असतील तर व्हिसा बघा. धार्मिक सेवकांचा आर-१ व्हिसा ज्या संस्थेने अर्ज केला तिच्याच कामासाठी असतो. अर्ज एकट्या 'अ' धर्मग्रामाच्या नावे गेला आणि फादर ब आणि क मध्येही नेमले, तर अडचण. धर्मप्रांताच्या नावे अर्ज आणि कामाच्या जागांत तिन्ही पत्ते, असं करून घ्या. पहिली मुदत ३० महिन्यांपर्यंतच मिळते, तीही कॅलेंडरवर टाका.

नोंदवही_आणि_हिशेब

ऑफिस एक करा, वह्या एक करू नका. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. ऑफिस अ मध्ये गेलं की तिथली सेक्रेटरी ब मधला स्नानसंस्कार सवयीने अ च्या वहीत लिहिते. वीस वर्षांनी ते मूल लग्नासाठी ब कडे दाखला मागतं आणि नोंद सापडत नाही. संस्कार ज्या चर्चमध्ये झाला त्याच धर्मग्रामाच्या वहीत तो लिहायचा. तिन्हींच्या वह्यांना वेगळ्या रंगाचे कव्हर घाला, कपाटात तीन वेगळे कप्पे करा, आणि आठवड्यातला एक वार नोंदींचा ठरवा.

लग्नाचा अधिकार तर त्याहून नाजूक. प्रमुख धर्मगुरूंना तिन्ही हद्दींत तो पदानेच असतो. सहायक आणि डीकन यांना द्यावा लागतो, आणि सरसकट द्यायचा तर लेखीच (कलम ११११). सहायकांच्या नेमणूकपत्रात फक्त अ लिहिलं असेल आणि त्यांनी क मध्ये लग्न लावलं, तर ते लग्न वैध की अवैध असा प्रश्न उभा राहतो. १ जुलैलाच एक पत्र करा: व्यक्तीचं नाव, तिन्ही धर्मग्रामांची नावं, तारीख, सही. प्रत तिन्ही वह्यांच्या आतल्या पानाला चिकटवा. बाहेरून येणाऱ्या निवृत्त फादरना प्रत्येक लग्नासाठी वेगळी परवानगी लागते.

मिस्साचे हेतू (कुणी दान देऊन अमक्यासाठी मिस्सा अर्पण करा असं सांगतं, ते): आज शनिवार-रविवारच्या ८ आणि इतर दिवसांच्या १२ मिळून आठवड्याला २० मिस्सा. तीन प्रमुख धर्मगुरूंनी आपल्या धर्मग्रामातल्या सगळ्या लोकांसाठी करायची एकेक वजा केली तर १७, म्हणजे वर्षाला ८८४ हेतू घेता येतात. पुढे शनिवार-रविवारच्या ५ आणि इतर दिवसांच्या ७ मिळून १२ धरा. एकच प्रमुख धर्मगुरू असल्याने लोकांसाठीची एकच वजा होते (कलम ५३४). उरल्या ११, वर्षाला ५७२. म्हणजे ३१२ कमी. आधी घेतलेले हेतू फेडलेच पाहिजेत, आणि वर्षभरात फेडता येणार नाहीत इतके नवे घेता येत नाहीत. त्यामुळे आजपासूनच जुलैनंतरची वही जपून भरा. जास्तीचे हेतू दानासकट दुसऱ्या धर्मगुरूंकडे पाठवता येतात. निवृत्त फादर असतात, भारतातले धर्मप्रांतही असतात. देणाऱ्याला विचारून पाठवा, आणि मिस्सा झाल्याचं कळेपर्यंत वहीत तो हेतू उघडाच ठेवा.

पैसे: तीन बँक खाती तशीच राहू द्या. सामायिक खर्चाचं (फादरांचे पगार, सेक्रेटरी, हिशेबनीस, बुलेटिन) प्रमाण लेखी ठरवा. उपस्थितीवर धरलं तर अ ५२.२, ब २९.४, क १८.४ टक्के. दानावर धरलं तर जास्त देणाऱ्या धर्मग्रामाला वाटतं की आपल्या उदारपणाचा दंड बसतोय. उपस्थितीचं प्रमाण दर ऑक्टोबरच्या मोजणीनंतर बदला. छपरासाठी, स्मशानभूमीसाठी म्हणून दिलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे (कलम १२६७). तो सामायिक खर्चात एक डॉलरही जाता कामा नये. तो एकदा गेला की विश्वास परत मिळत नाही.

सॅक्रिस्टीची_किल्ली

वरचं सगळं कागदावर नीट झालं तरी पहिल्या रविवारी गाडी अडते ती सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत). फादर ९:४५ला ब मध्ये पोचतात आणि टॅबरनॅकलची (ओस्त्या, म्हणजे कम्युनियनची भाकर, ठेवायच्या पेटीची) किल्ली कुठे हे फक्त एका माणसाला माहीत, तो नेमका बाहेरगावी. प्रत्येक सॅक्रिस्टीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कार्ड लावा, सगळीकडे त्याच क्रमाने: किल्ली कुठे, माइकचं बटण कुठलं, ग्लुटेन कमी असलेल्या ओस्तीची वेगळी डबी कुठे, आज टॅबरनॅकलमध्ये ओस्त्या साधारण किती, वाचक आणि कम्युनियन देणारे कोण, आजचा हेतू कुणाचा.

ओस्त्यांकडे खास लक्ष. क मध्ये ९५ आणि १३०च्या सवयीने मोजणारी मंडळी २२५ जणांना कमी पाडतात, आणि मग ओस्तीचे तुकडे करत बसावं लागतं. पहिले चार रविवार दारात मोजणी करा आणि कार्डावर आकडा लिहा.

कॉयर एकत्र करायची घाई नको. तिन्हींनी आधी मिस्साच्या गाण्यांचा एकच संच शिकावा, म्हणजे कुठेही गेलं तरी लोकांना गाता येतं.

मिडवेस्टची_वसईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. 'क'च्या सभेची तारीख आजच मागते. एकच राहिलं: पवित्र आठवडा. तिन्ही चर्चना आपापलं पास्का जागरण (ईस्टरच्या आदल्या रात्रीचा विधी) हवंय.

कलम_५२६

एकाच चर्चमध्ये जागरण दोनदा होत नाही. ईस्टरच्या विधींबद्दल रोमचं १९८८चंच एक पत्र आहे, त्यात सल्ला असा की एकाच फादरच्या लहान धर्मग्रामांनी शक्यतो मुख्य चर्चमध्ये एकत्र यावं. लोक खूप असतील तर वेगवेगळ्या चर्चमध्ये विधी पुन्हा करता येतात. तुमच्याकडे फादर दोन, त्यामुळे दोन जागरणं शक्य आहेत. पण अंधार पडल्याशिवाय सुरू करता येत नाही आणि विधी दोन-अडीच तासांचा, म्हणजे एका फादरने त्या रात्री एकच.

माझं मत: जागरण एकच, अ मध्ये. पवित्र गुरुवार ब मध्ये. शुभ शुक्रवारचा विधी दुपारी ३ला क मध्ये आणि दुसऱ्या फादरांकडून संध्याकाळी अ मध्ये. पास्काची मेणबत्ती मात्र तिन्ही चर्चची हवी. जागरणाला ब आणि क मधल्या दोघा-दोघांनी आपापली मेणबत्ती अ मध्ये आणावी, आणि ईस्टरच्या सकाळी ८ला क मध्ये, १०ला ब मध्ये ती पेटलेली दिसावी. तिन्ही मेणबत्त्यांची ऑर्डर जानेवारीतच द्या, आणि स्टँडच्या खोबणीचा व्यास आधी मोजून घ्या. तीन चर्चचे तीन वेगळे निघतात.