मदत हवी आहे: लग्नाच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोतले ओरखडे काढताना मुंडावळ्याच गायब होतायत

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी, फोटो दुरुस्तीतलं कळणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आजी-आजोबांचा १९६८ सालचा जोडीचा फोटो आहे. लग्न लागलं त्याच दिवशी, मुंडावळ्या न सोडता, मेन रोडवरच्या एका स्टुडिओत जाऊन काढलेला. स्टुडिओ केव्हाच बंद झाला, त्यामुळे निगेटिव्ह मिळण्याचा प्रश्नच नाही. आजोबा (नाशिकरोडला प्रेसमध्ये होते) काळ्या कोटात, आजी नऊवारीत. प्रिंट साधारण सहा बाय आठ इंची, कापडाची वीण उमटल्यासारख्या खरखरीत कागदावर. पुढच्या महिन्यात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तेव्हा हाच फोटो बारा बाय सोळा करून फ्रेममध्ये द्यायचा बेत आहे.

आता फोटोची अवस्था. काच फुटल्यावर तो बरीच वर्षं देवघराच्या भिंतीवर बिनकाचेचाच टांगलेला होता. मागचा पडदा आणि आजीचा पदर यांवर हळदी-कुंकवाची बोटं उमटली आहेत. कधीतरी दुमडला गेल्याने एक पांढरी भेग आजीच्या डाव्या गालावरून नथीला चाटून हनुवटीपर्यंत उतरते. बारीक ओरखडे तर सगळीकडेच आहेत.

आधी एका दुकानात दिला होता. त्यांनी कुठल्याशा एआयवर टाकून पाच मिनिटांत ‘एचडी’ करून दिला. फोटोतली बाई सुंदर आहे, पण ती आमची आजी नाही. मिटलेल्या ओठांवर हसू आलंय, हनुवटीवरचं गोंदण गेलंय, नथीचा झालाय एक पांढरा ठिपका. आजोबांनी बघून “ही कोण?” म्हणून विचारलं, तेव्हाच तो प्रकार बाद झाला.

म्हणून घरीच बसलोय. मित्राच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या राखाडी छटांत, स्कॅन केलाय, सॉफ्टवेअर गिम्प. ओरखड्यांसाठी मीडियन ब्लर लावला की ओरखडे जातात, पण मुंडावळ्यांच्या लडीही त्यांच्याबरोबर पुसल्या जातात. त्रिज्या कमी केली तर दोन्ही राहतात. कुंकवाचे डाग क्लोनने (शेजारचा तुकडा उचलून वर बसवणारं साधन) झाकले की पडद्यावर ठिगळं दिसतात. मधला मार्ग काय? आणि गालावरची भेग चेहरा न बदलता कशी भरायची?

(आत्याला फोटो रंगीत करून हवाय. तो विषय मी सध्या टाळतोय.)

जुना डार्करूमवाला

स्कॅन पुन्हा करा, आणि या वेळी रंगीत करा. फोटो काळा-पांढरा असला तरी त्यावरचे डाग रंगीत आहेत, आणि ग्रेस्केलमध्ये स्कॅन करताना ती सगळी माहिती फेकून दिली जाते. ६०० डीपीआय, चालत असेल तर ४८ बिट (छटा जास्त बारीक टिपल्या जातात), आणि फाइल टिफ, म्हणजे दाबताना तपशील जात नाही. सहा बाय आठचे ६०० ला ३६०० बाय ४८०० पिक्सेल होतात, म्हणजे बारा बाय सोळा छापायला बरोबर ३०० डीपीआय उरतात. १२०० ला गेलात तर कागदाची वीणच जास्त दिसेल, आजी नाही.

मग गिम्पमध्ये कलर्स, कंपोनंट्स, डीकंपोज, आणि आरजीबी निवडा. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे ग्रे लेयर, म्हणजे थर, मिळतील. लाल लेयर बघा. कुंकू लाल असल्याने त्या लेयरमध्ये ते जवळजवळ कागदाइतकंच उजळ येतं आणि फिकट पडद्यावरून निघूनच जातं. हळद आणि कागदाचा पिवळेपणाही तिथे सर्वांत कमी दिसतो. निळ्या लेयरमध्ये तेच डाग काळेकुट्ट दिसतील, घाबरू नका.

पण अख्खा फोटो लाल लेयरमधून घेऊ नका. जुनी प्रिंट जिथे तपकिरी पडून विटलेली असते, तिथला तपशील लालमध्ये फिका पडतो आणि निळ्यात जास्त टिकतो. चेहरे हिरव्या-निळ्यातून घ्या, डागांची जागा लालमधून. वरच्या लेयरला मास्क लावून हवं तेवढंच उघडायचं. गडद भागावर कुंकू असेल तर ते लाल लेयरमध्ये उलट उजळ डाग म्हणून दिसेल, तिथे मात्र हातानेच काम करावं लागेल.

कागदाच्या विणीसाठी: फोटो एकदा सरळ स्कॅन करा, एकदा उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, म्हणून विणीच्या सावल्या दोन्ही स्कॅनमध्ये विरुद्ध बाजूंना येतात. दुसरा स्कॅन फिरवून पहिल्यावर तंतोतंत बसवा आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी ५० टक्के करा. वीण बरीचशी मरते, चेहरा तसाच राहतो. हे डीकंपोजच्या आधी.

एक विचारायचं राहिलं. आजोबांच्या कोटावर तिरप्या उजेडात निळसर चकाकी दिसते का?

गंगापूररोडकर

होय, दिसते! खांद्यापाशी आरशासारखी. मला वाटलं तेलाचा हात लागलाय.

जुना डार्करूमवाला

तेल नव्हे, चांदी आहे ती. प्रतिमेतली चांदी वर्षानुवर्षांच्या दमट हवेने पृष्ठभागावर आली आहे. कापसाने घासू नका, ओलं काही लावू नका. स्कॅनरमध्ये तिथे धुरकट पट्टा येईल. तो भाग दिवसा खिडकीच्या बाजूच्या उजेडात कॅमेऱ्याने वरून टिपा. फोटो थोडा थोडा फिरवत राहा, चकाकी जाते तो कोन सापडतोच. तेवढा कोट मग स्कॅनवर बसवायचा. मोबाइलवर काढलात तर व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून बारीक करतो.

सिडकोची लेक

मुंडावळ्यांबद्दल मी सांगते, कारण नणंदेच्या सासूबाईंच्या फोटोत मी हेच केलंय.

मीडियन म्हणजे आजूबाजूच्या पिक्सेलमधला मधला घ्यायचा. फिल्टरच्या त्रिज्येपेक्षा अरुंद असलेलं काहीही तो खातो. काळ्या केसांवरून उतरणारी मोत्यांची लड आणि काळ्या कोटावरचा ओरखडा, दोन्ही पांढऱ्या बारीक रेघाच. सॉफ्टवेअरला फरक कळणार कसा? तो तुम्हालाच दाखवावा लागतो. लेयरची कॉपी करा, ओरखडे पूर्ण जातील इतका फिल्टर त्या कॉपीवर लावा, मग तिला काळा मास्क द्या. आता काहीच बदललेलं दिसणार नाही. पांढऱ्या ब्रशने फक्त ओरखड्यांवरून फिरवत जा. कोट, पडदा, जमीन यांवर बिनधास्त, चेहऱ्याजवळ अगदी बारीक ब्रश, मुंडावळ्यांवर अजिबात नाही. तिथे ओरखडा असेल तर झूम करून एकेक मणी बघत क्लोन करायचं.

भेगेसाठी एकच साधन पुरत नाही. गालाच्या सपाट भागावर हीलिंग टूल छान चालतं, कारण ते उजेड-सावली जुळवून घेतं. पण तेच नथीपाशी किंवा जबड्याच्या कडेला चालवलंत तर शेजारचा काळा रंग ओढून गालावर काजळ फासल्यासारखं करतं. कडांवर क्लोन वापरा, नमुना त्याच कडेवरून थोडा वरचा किंवा खालचा घ्या.

नथ घरात अजून आहे का? असली तर तिचा त्याच कोनातून फोटो काढा. तो चिकटवायचा नाही, कोणता मोती कुठे आहे हे बघायला शेजारी उघडा ठेवायचा.

शेवटी दुरुस्त केलेली जागा जास्त गुळगुळीत दिसते, तिथे किंचित नॉइज (बारीक दाणे) टाका, बाकीच्या फोटोच्या दाण्याशी जुळेल इतपतच.

येवलेकर

आत्यांना फोटो रंगीत हवाय, त्याबद्दल. राखाडी छटेवरून मूळ रंग निघत नाही. लाल आणि हिरवा, दोन्ही एकाच छटेत येऊ शकतात. सॉफ्टवेअर जो रंग भरतं तो त्याचा अंदाज. आमच्याकडे काकूंच्या लग्नातल्या पैठणीला त्याने जांभळी केली. ती हिरवी होती हे येवल्यात अख्ख्या गल्लीला माहीत आहे. रंगवायचाच असेल तर आधी आजींना विचारा, आणि ती वेगळी प्रत ठेवा.

गंगापूररोडकर

रंगीत स्कॅन केला. लाल लेयरमध्ये पडद्यावरचं कुंकू खरंच नाही! पदरावर जरीच्या काठापाशी थोडं उरलंय, ते हाताने करतोय. उलटा-सरळ स्कॅन बसवताना वीण निम्म्याहून कमी झाली, पण एका कोपऱ्यात दोन्ही प्रती केसभर सरकलेल्या राहतात. फोटो काचेवर नीट टेकत नाही, त्याने असेल का?

नथ आत्याकडे आहे, तिने फोटो पाठवला. डॉक्युमेंट म्हणून.

आजीच्या डोळ्यांखाली झूम केल्यावर बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसते. ती काढू का?

जुना डार्करूमवाला

ती पेन्सिल आहे. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने डोळ्यांखालची सावली भरायचे, म्हणजे प्रिंटमध्ये ती उजळ यायची. मी स्वतः केलंय ते काम. राहू द्या. बारा बाय सोळाला दिसली तरी हातभर अंतरावरून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती पुसायला गेलात की पुन्हा त्या दुकानवाल्या चेहऱ्याकडे जाल.

कोपऱ्यासाठी: होय, कागद बाक धरतो. झाकणावर जड पुस्तकं ठेवू नका, काच जाईल. तो कोपरा एकाच स्कॅनमधून घ्या, मास्क लावून.

आणि लॅबमध्ये देताना ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ हे तोंडी सांगा आणि पाकिटावरही लिहा. रंगीत कागदावर ब्लॅक अँड व्हाइट छापलं की कधी हिरवट झाक येते, कधी जांभळट. आधी चार बाय सहाची एक प्रत काढून उन्हात नेऊन बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको. झाक असेल तर तिथल्या तिथे सांगा, तेच दुरुस्त करून देतात.